मंदाताईंची उघडी खिडकी

बाळंतिणीला न्हाऊ घालायला मंदाताई कुणाच्या घरी गेल्या, की आधी खिडकी उघडत. घरातल्या सासवा नाकं मुरडत. "अहो, वारं लागेल की तिला!" मंदाताई ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि तेल कोमट करायला घेत. कुणी खिडकी उघडू दिली नाही, तर तेलाची वाटी उचलून सरळ चालू लागत.

पूर्वी याच बाई वाऱ्याच्या हाडवैरी होत्या. नवरा ग्वाल्हेर संस्थानच्या पलटणीत होता. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली आणि पाठोपाठ तोही गेला. मग बाळंतिणींना तेल चोळून त्यांनी संसार ओढला. खोली गच्च बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, फटीफटीत चिंध्या, हा त्यांचा कायदा. शहरातल्या अख्ख्या लष्कर भागात त्यांच्या शेकाचं नाव होतं आणि त्यांनाही त्याचा थोडा ताठा होताच.

नवा मध्यप्रदेश झाला, त्या हिवाळ्यात त्यांची एकुलती एक विमल बाळंतपणाला माहेरी होती. कचेऱ्या भोपाळला हलल्या, तसा जावईही तिकडे गेला, आजूबाजूची बिऱ्हाडंही कुलपं लावून निघून गेली. हाकेला ओ द्यायला गल्लीत माणूस उरला नव्हता.

एके दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं आणि असं गार वारं सुटलं की हात बधिर व्हावेत. मंदाताईंनी शेगडी चांगली फुलवून विमल आणि तान्ह्या बाळाच्या बाजेखाली सारली आणि खिडकीच्या फटी जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी बुजवल्या. बाळंतशेप संपली होती. "बाजारात, बाड्यावर जाऊन येते. उठायचं नाही आणि वारं आत येऊ द्यायचं नाही," असं विमलला बजावून त्या निघाल्या. वाऱ्यानं दार सारखं उघडत होतं, म्हणून त्यांनी बाहेरून कडी घातली.

महाराज बाड्याच्या चौकात बाळंतशेपेची पुडी हातात पडते न पडते तोच गारा सुरू झाल्या. गारा ग्वाल्हेरला नव्या नव्हत्या, पण या सुपारीएवढ्या होत्या आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या. बघता बघता सगळा चौक पांढराफटक पडला. दुकानाच्या कमानीखाली दाटीवाटीनं उभी असलेली माणसं रामनाम घेऊ लागली.

शेजारी दौलतसिंह टांगेवाला घोड्याला थोपटत होता. "माई, ऐसी ठंड में कमरा बंद करके अंगीठी मत रख लेना," तो म्हणाला. "कल पड़ाव पे दो मुसाफिर ऐसे ही सोए थे. सुबह उठे ही नहीं."

"उठे नहीं मतलब?"

"मर गए, माई. कोयले की हवा चढ़ गई."

आपण बुजवलेली एकेक फट मंदाताईंच्या डोळ्यांपुढे आली, आणि मग ती कडी. पोरीला उठायचं सुचलं, तरी दार आतून उघडणार नव्हतं.

त्या तशाच गारांत धावत सुटल्या. पुडी कुठे पडली ते कळलं नाही. डोक्यावर, पाठीवर गारा सटासट बसत होत्या. पाय घसरून आपटल्या, उठल्या, पुन्हा आपटल्या. आयुष्यात इतकं भ्यायल्या नव्हत्या, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. देवा, मला ने, पण तिला राहू दे, एवढंच तोंडात होतं. गल्लीत शिरताच, "विमल! अगं विमल!" म्हणून ओरडू लागल्या. दोन्ही बाजूंना नुसती कुलपं. घरातून कसलाही आवाज नाही. कडी काढायला गेल्या तर बोटं वाकेनात. शेवटी दगडानं ठोकून ती काढली.

आत वारं भणाणत होतं. गारांनी खिडकीची काच फोडली होती. बाजेवर बाळ बारीक आवाजात रडत होतं. विमल खिडकीखाली भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, डोळे तारवटलेले, हातात लुगड्याचा बोळा.

"आई, रागावू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "काच फुटली गं. तू सांगितलं होतंस म्हणून बुजवायला उठले. पण डोकं इतकं गरगरलं, हात वर जाईचना."

मंदाताईंनी शेगडी ओढून दाराबाहेर लोटली आणि बाळाला उचलून फुटक्या काचेपाशी धरलं. मग लेकीजवळ बसून त्या तो बोळा काढून घेऊ लागल्या. विमलनं तो इतका घट्ट धरला होता, की तिचं एकेक बोट सोडवावं लागलं.