रूटचं चेकिंग

बाबा बसवर कंडक्टर होते, बुऱ्हाणपूर ते खंडवा. शेवटची वर्षं बस स्टँडच्या चौकशी खिडकीत गेली. त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘रूट’ आणि ‘चेकिंग’ हे शब्द आले की ते खुर्ची ओढून शेजारी बसत. घरात कॉम्प्युटर कळणारी मी एकटी, असा माझा तोरा होता. हे दोन शब्द मात्र त्यांचे.

त्या दुपारी लाईट गेली, चालू कॉम्प्युटर मधेच बंद पडला आणि गल्लीतले पॉवरलूम एकदम थांबले. एवढी शांतता आमच्या गावाला सोसत नाही. मला डुलकी लागली. जाग आली ती लूमच्या खडखडाटानं. बाबांनी कॉम्प्युटर चालू केला होता आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वर सरकत होती.

माझा कॉम्प्युटर लिनक्स या प्रणालीवर चालतो. ते उठतं तेव्हा मुळातली फाइल सिस्टिम, म्हणजे रूट, आधी नुसती वाचण्यापुरती उघडतं. कुठं काय मोडलंय ते तपासतं, आणि ठीक असेल तरच तिच्यात लिहू देतं. दुपारच्या झोपेतून उठलेलं माणूसही तसंच पडल्या पडल्या घर बघतं, लगेच कशाला हात लावत नाही.

त्या दिवशी तपासणी अडली. दुरुस्ती हातानं करा, असा निरोप आला. त्या डिस्कवर आईचा आवाज होता. ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, मांडे कसे करायचे ते बाबांनी तिला माइकसमोर सांगायला लावलं होतं. दुसरी प्रत नव्हती. रोज चहाआधी बाबा ते ऐकत.

मी दुरुस्तीची आज्ञा दिली. तपासणी किती झाली ते सांगणारे आकडे इतके रेंगाळले की माझं डोकं फिरलं. बंद करून पुन्हा चालू करावं म्हणून बटणाकडे हात नेला, तर बाबांनी मनगट धरलं.

“चेकिंग चालू हाये बेटा. मधात गाडी नको हालवू.”

मग आम्ही बसून राहिलो. बाबा हळू आवाजात थांबे म्हणू लागले, निंबोला, असीरगढ, बोरगाव. माझे डोळे जड झाले. आई मागच्या सीटवर खिडकीशी बसलीय आणि तिला कुठंच उतरायचं नाही, असं काहीतरी वाटत राहिलं.

तपासणी संपली, मशीन उठलं. आईची फाइल जागेवर नव्हती. मला रडूच आलं. बाबांनी विचारलं, यात हरवलेलं सामान कुठं ठेवतात? मी चिडणार होते, तेवढ्यात आठवलं की तशी खोली लिनक्समध्ये खरंच असते. तपासणीत बेवारस सापडलेलं तिथं जाऊन पडतं. नाव पुसलेलं, नुसता आकडा उरलेला.

तिथं एकच आकडा होता. मी तो उघडला. भांड्यांचा आवाज आला, मग आई म्हणाली, “अहो, चालू झालं का ते? बोलू का मी?”

बाबा पडद्याकडे झुकले.

“बोल,” ते म्हणाले. “चालू हाये.”