नातीची किरणं, आजीचा गळा

सन दोन हजार तेवीस. माझं वय बाहत्तर. बायकोच्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली आणि उमरग्याच्या डॉक्टरनं सोलापूरला नेऊन शेक द्यायला सांगितलं. शेक म्हणजे मशीनची किरणं. मी न्हाय म्हणलो. आमच्या घरात माझ्या न्हायच्या पुढं कुणी जात न्हाय.

हे कळल्यावर पोराची पोरगी आली. मोठ्या शहरात शिकती. तिचं काम असं, की धातूच्या पट्टीवर लेसरचा उजेड मारायचा. धातू तापून त्याची वाफेपल्याडची आग बनती, तिला ही माणसं प्लाझ्मा म्हणतात. त्यातनं एक्स-रे निघतात. ते डीएनएवर सोडायचे आणि किती मोडतोड झाली ते बघायचं. मोडायचं, आणि वर बघत बसायचं! याला शिक्षण म्हणतात.

पेरणी तोंडावर होती. म्या तिला उंबऱ्यातच अडवलं.

"सोयाबीनच्या बियाला शिवायचं न्हाय. आधी अंघोळ कर, कपडे बाहेर भिजव."

मयताहून आलेल्याला आमच्यात हीच रीत. ही तर जित्या जिवाचे धागे तोडून आलेली.

"आबा, किरणं अंगाला चिकटून येत नसतात," म्हणून ती हसली. त्या हसण्याचा राग अजून गेला न्हाय.

अंघोळ करून ती आजीजवळ बसली. बैलाचं दावं हातात घेऊन सांगू लागली, "आजी, डीएनए असा दोन पदरांचा. एक पदर तुटला तर शरीर सांधतं. दोन्ही एका जागी तुटले की अवघड. चांगलं मांस बरंचसं सांधून घेतं, गाठीला तेवढं जमत नाही. म्हणून शेकानं गाठ मरती."

"म्हंजी चांगलंबी तुटतं!" मी गरजलो. "तुझ्याच तोंडानं कबूल केलंस."

"थोडं तुटतं, आबा. खोटं कशाला सांगू?"

"मग आजी काय तुझी धातूची पट्टी हाय व्हय गं?"

तवा बायको बोलली. आवाज बसलेला, पण सगळं ऐकू आलं.

"गळा माझा हाय. तुमचं वरडणं ऐकून कानाचे पडदे गेले, ते कधी मोजलं न्हाय तुमी. घोटभर पाणी गिळंना मला. उद्या जाणार."

"मी येत न्हाय."

"नका येऊ. नात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या टमटमनं मी त्यांच्या आधी उमरग्याच्या स्टँडवर जाऊन थांबलो. चांगलं किती तुटणार, ते सोलापूरच्या डॉक्टरला माझ्या तोंडानं विचारायचं होतं. गाडीत नातीनं शेजारची जागा धरली, "बसा आबा," म्हणली. मी सोलापूरपर्यंत उभ्यानं गेलो.