पहिली फेरी संपल्यावर

परवा गुडघ्याला मलम चोळताना त्याच्या उग्र वासाने नाशिकरोडचा तो बॉक्सिंगचा हॉल आठवला. लेक पंधरा वर्षांची होती आणि ही लढत जिंकली तरच राज्य स्पर्धेला जाणार होती. सरावात धडाधड ठोसे मारणारी पोरगी रिंगणात मात्र खांदे वर चढवून, श्वास कोंडून उभी होती. हात पुढे निघायचा आणि निम्म्यातच थांबायचा. मी पहिल्या रांगेतून ओरडत होते, "सांभाळून गं, लागेल!" ती विळीवर कांदा चिरायला बसली की ओरडायचे, अगदी तसंच. पहिली फेरी संपताच तिचे सर कोपऱ्यातून माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही ओरडता आणि ती हात आखडते. बाहेर जाऊन चहा घ्या बरं." राग आला, पण गेले. टपरीवर दुसरा कप संपवते तोवर आत शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. थोड्या वेळाने लेक सुजलेला ओठ घेऊन, हसतच बाहेर आली. "जिंकले! आई, पुढच्या वेळी सुरुवातीपासूनच चहाला जा." आता ती मुलींना बॉक्सिंग शिकवते आणि लढतीच्या वेळी आईबापांना रिंगणाजवळ फिरकू देत नाही. मला विचाराल तर बरोबरच करते.