सावरगावचा मामा

भावाचं नाव निघालं की माझी पूजासुद्धा कडू होत असे. चंडीमातेपुढे हात जोडायचे आणि मनात त्याला शिव्या घालायच्या! अशी पूजा आईला पोचत असेल का, याचीच मला शंका होती.

माझं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा; मध्ये फक्त जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही गावं नदीतल्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड मारतात. त्यात कोणाला लागलं, तर राग धरायचा नाही. तो देवीचा दगड. पण झेंडा देवळात पोचला की हात थांबलेच पाहिजेत. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी झेंडा आमच्या पांढुर्ण्यानं नेला. हरल्याच्या रागात माझ्या सख्ख्या भावानं त्यानंतर दगड भिरकावला आणि ह्यांचा डावा डोळा गेला. तो दगड काही देवीचा नव्हता. मी माहेर तोडलं.

पुढं नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो, त्या साली पोरीचं लग्न ठरलं. लोक नव्या सीमेचं बोलत. माझी सीमा जाम नदीच होती. नवरीच्या मागं मामा म्हणून चुलतभावाला उभं करायचं मी ठरवलं होतं. पोर मात्र नदीपल्याड सावरगावकडं बघत बसे.

पहिल्या अक्षता द्यायला आम्ही दोघं देवळात गेलो. देवीपुढे वाहून झाल्यावर ह्यांनी मूठभर राखून ठेवल्या.

"ह्या कोणाच्या?"

"सावरगावले जाऊन राहिलो."

"अहो, डोळा फोडला न त्यानं तुमचा!"

"डोळा माहा गेला. पोरीचा मामा कायले घालवून राहिली?"

हे नदीकडं निघालेसुद्धा. मी तिथंच बसून खूप रडले. 'आई, मला हे जमत नाही, तूच करून घे,' एवढंच म्हणाले. उठले तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं होतं. कसं, ते मला आजही सांगता येत नाही.

लग्नाच्या दिवशी भाऊ मांडवाबाहेरच उभा राहिला. काय काय सुनावायचं, ते वर्षानुवर्षं मनात ठरलेलं, पण तोंडातून निघालं, "ये न रे आत, पोरगी वाट पाहून राहिली." तो ढसाढसा रडला. मंगलाष्टकं होईस्तोवर मामा तिच्या मागं उभा होता.

माफी मी दिली, असं मी कधी म्हणत नाही. आईनं ती माझ्या हातून देववली, तिचे उपकार कसे फेडू!

पंगतीत भाऊ मान खाली घालून ह्यांच्या डाव्या हाताला बसला. ह्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"इकडं उजवीकडं बस गा. तिकडून तू मले दिसत नाही."