बिनगाठीची खोळ

बयनाबाई शिंपिणीचा डावा हात मनगटातून वाकडा होता. त्याच हातानं तिनं शिवणमशीनच्या जितक्या खोळी शिवल्या तितक्या तलमडुगु-तामसीच्या पट्ट्यात कोणी शिवल्या नसतील. रंगीत चिंध्या जोडलेल्या, आतून जुन्या धोतराचं अस्तर, चाकाच्या बाजूला फुगा, खाली नाडी. कापसाच्या दिवसांत आमच्याकडं बारीक तूस उडते, ते तेलात बसलं की मशीन जाम होते. म्हणून सगळे शिंपी तिच्याच दारी यायचे. पांढरी खोळ मात्र ती कोणाला शिवून देत नसे. तिनं जन्मात एकच शिवली.

आमच्या गावच्या शिंप्यांत रीत होती. घरात माणूस गेला की मशीन बंद, आणि तिच्यावर कोऱ्या मांजरपाटाची पांढरी खोळ. ती हातानंच शिवायची, धाग्याला गाठ मारायची नाही. तेरवीला दोरा ओढला की खोळ उसवते अन् मशीन मोकळी होते. घरचं माणूस जितं असताना ती खोळ घालायचं कोणाच्या सपनातही येत नसे.

निजामाचं राज्य भादव्यात बुडालं. त्याआधी त्याच्या खाकीवाल्यांनी गावं जाळली होती, आणि त्यांचे खाकी सदरे शिवले होते डोमाजीनं, म्हणजे बयनाबाईच्या नवऱ्यानं. मानेवर बंदूक ठेवून शिवून घेतले, असं तो म्हणे. असंलही. पण त्याच सदऱ्यातल्या माणसांनी गावातल्या पांडुरंगरावच्या लहान भावाला, भगवंतरावला, कापसाच्या कोठ्यात कोंडून कोठा पेटवला. त्याचं ओरडणं आख्ख्या गावानं ऐकलं, दार उघडायला कोणी गेलं नाही.

मग हिंदुस्थानची फौज आली, खाकीवाले पळाले, आणि गावानं कुऱ्हाडी काढल्या. खाकीवाल्यांना दाणागोटा पोचवणारा बापूजी पहिला सापडला. त्याला बैलगाडीला बांधून वेशीपर्यंत ओढत नेलं. वेशीत पोचला तवा त्याला तोंड राह्यलं नव्हतं. बायकोनं करगोट्यावरून ओळखला.

तितक्यात कोणी तरी म्हणालं, "शिंपी राह्यला ना बे."

मधे शिंदीचं दुकान होतं, मंडळी तिथं थांबली, म्हणून बयनाबाईला फुरसत मिळाली. नवी ज्वारी अजून शेतात उभी होती, घरातली कणगी तळाला गेलती. तिनं डोमाजीला कणगीत उतरवलं, वरून सूप झाकलं. मांजरपाट फाडलं, लांब लांब टाके घातले. घाईत सुई दोनदा नखाखाली गेली. गाठ मारली नाही. मशीनवर खोळ चढवली, कपाळ पुसलं, बांगड्या कातरीच्या मुठीनं फोडल्या. काचा मनगटात घुसल्या त्या तशाच राहू दिल्या.

"कुठं हाये थो?" पांडुरंगराव दारातच गरजला. त्याच्या कुऱ्हाडीचं पातं ओलं होतं.

"गेले. खाकीवाल्यानं पळता पळता गोळी घातली अन् नाल्यात फेकलं. पुरात जाऊन पाहा."

"कातरीवानी जीभ हाये हिची," मागून एक जण बोलला. "कापते अन् जोडते."

पांडुरंगरावनं तिच्या झिंज्या धरून तिला अंगणात आपटलं आणि कुऱ्हाडीचा दांडा मनगटावर घातला. हाड मोडलं ते शेजारच्या घरात ऐकू गेलं. "काऊन शिवले त्यानं ते सदरे? बोल!" दुसरा दांडा बरगडीत बसला. तिसरा कुठं बसला ते तिला कधी सांगता आलं नाही.

"माहा नवरा गेला अन् मलेच मारून राह्यले!" ती ओरडली.

कणगी हलली नाही.

तिला सोडून तो मशीन फोडायला आत घुसला. कुऱ्हाड उचलली आणि वरच थांबली. पांढरी खोळ दिसली. जवळ जाऊन त्यानं धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. दोरा सरसर निघून हातात आला. टोकाला गाठ नव्हती.

"सुतक हाये बे," मागचे दोघे-चौघे पायरीवरून खाली उतरले. "चला, अंघोळी करा."

पांडुरंगरावनं दोरा झटकला. "माह्या हातानं मारायचा होता त्याले," तो म्हणाला आणि कुऱ्हाड भिंतीत घातली. ती खाच अजून हाये.

दुसऱ्या दिवशी डोमाजी ज्वारीच्या आडून पैनगंगेपल्याड निघून गेला. जाताना भाकरी बांधून मागितली. तिनं एका हातानं बांधली. तेरवीला दाळीचं पोतं पांडुरंगरावनंच धाडलं आणि पंगतीत पहिला घासही त्यानंच घेतला. बयनाबाईनं खोळीचा उरलेला दोरा ओढला, जित्या नवऱ्याची रांडव झाली आणि मशीनवर बसली.

आठ वर्षांनी राज्यं नव्यानं वाटली गेली. पैनगंगेपल्याड मुंबई राज्य, अल्याड आंध्र प्रदेश. त्याच महिन्यात, भर दुपारी, डोमाजी मागच्या दारानं आत आला.

"मशीन चालते ना?" त्याचा पहिला सवाल.

"तुमी तं मेले. गाव तुमची तेरवी जेवलं."

"नवं राज्य झालं वं. जुनं कोण उकरते?" त्यानं रंगीत खोळ ओढून फेकली, मशीनच्या लाकडी पाट्यावर हात ठेवला.

बयनाबाईनं कातर उचलली आणि त्याच्या हातात आरपार घातली. टोक खालच्या लाकडात रुतलं. डोमाजी गुरासारखा हंबरला.

"हे माह्यं हाड मोडलं तवा कणगीत आयकू आलं होतं का नाही?"

"आलं."

"मंग आठ वर्षांत एक निरोप? हात कसा हाये म्हनून?"

तितक्यात गल्लीतून पांडुरंगरावची हाक आली, "बयनाबाई, हाये का घरी? कोण वरडून राह्यलं?"

डोमाजीची नजर कणगीकडं गेली.

"भरली हाये," ती म्हणाली. "ज्वारी हाये तिच्यात."

तिनं कातर उपटली. त्यानं तीच रंगीत खोळ हाताला गुंडाळली आणि आला तसा मागच्या दारानं गेला. बाहेर ती पांडुरंगरावला म्हणाली, "मांजर होतं. हाणलं."

पुढं कैक सालांनी पल्याडून सांगावा आला, डोमाजी गेला म्हणून. सांगावा आणणाऱ्यानं इकडं-तिकडं पाहिलं. मशीन खडखडत होती.

"पांढरी खोळ नाही घालत?"

"त्याची घालून झाली हाये," बयनाबाई म्हणाली आणि पाय थांबवला नाही.