तीन पेशींचं जनावर

हायड्रा शिकवताना मी नववीला एक काम दिलं होतं. कमीत कमी चेतापेशी असलेला प्राणी कल्पनेनं तयार करायचा, अट एवढीच की त्याला स्वतःचं अन्न शोधता आलं पाहिजे. कमीत कमी म्हटल्यावर वर्गानं आठ पाय दिले, पंख दिले, एकानं तर शिंगंही लावली. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं मात्र गांडुळासारखं काहीतरी काढलं आणि त्यात तीन ठिपके. एका पेशीला वास लागतो, दुसरी अंग पुढं ढकलते, तिसरी थांबवते.

"दोन पेशींत नाही भागणार?" मी विचारलं.

"मंग थे खाण्यावरूनच पुढं चाल्लं जाईन मॅडम. थांबनं बी पाहिजे ना त्याले."

मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. हे मला सुचलं नसतं.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन त्या वर्षी आमच्याच शाळेत होतं. तिनं हा प्राणी मांडावा असा हट्ट मीच धरला. निवड झाली तर यवतमाळला जायचं होतं. तिथं आपल्याला किती वेळ बोलू देतील, हे तिनं मला चारदा विचारलं. घरी किंवा वर्गात तिचं फार वेळ कुणी ऐकलं नसावं.

मुख्याध्यापकांनी तिचा तक्ता पाहिला. "मॅडम, याच्यात लाइट-गिट काही पेटते का नाही?" नाही म्हटल्यावर त्यांनी तिला शेवटचं टेबल दिलं. पहिलं टेबल अर्थातच थर्माकोलच्या ज्वालामुखीला. जिल्ह्यात एकही ज्वालामुखी नाही, पण प्रदर्शनात तो दरवर्षी न चुकता फुटतो.

परीक्षक तीन. अकराचे ते साडेबाराला उगवले. शाळेमागे सकाळपासून रोडगे लावले होते. कणकेचे ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजत होते, वांग्याच्या भाजीला फोडणी पडली होती आणि वारा नेमका वर्गाकडे. परीक्षकांचं वैज्ञानिक कुतूहल टेबलागणिक आटत गेलं.

"उपयोग काय याचा?" शेवटच्या टेबलाशी एकानं विचारलं.

"सर, याले भूक लागली का मंग..." तिनं सुरुवात केली आणि शिपाई दारात आला. "साहेब, रोडगे निघाले."

तिघेही एकदमच वळले. "जेवून आलोच बेटा," असं एकजण पाठमोराच म्हणाला. मीही वळले, हे सांगायलाच हवं. जाता जाता तिला बजावलं, "जागा सोडू नकोस. जेवण झालं की ते येतात."

रोडगे फार छान झाले होते. मी तीन खाल्ले, तूप दोनदा घेतलं. आग्रह करणाऱ्याला नाही म्हणायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मग मुलांची पंगत बसली. इकडे पानसुपारी झाली, परीक्षकांना डुलक्या येऊ लागल्या. त्यांना उमरखेड गाठायचं होतं, म्हणून निकाल खुर्चीत बसूनच लिहिला. ज्वालामुखी पहिला. सर, एक टेबल राहिलंय, एवढंच मला म्हणायचं होतं. पण भरल्या पोटी भांडायचा मला कंटाळा आला. त्याची लाज मला अजून वाटते.

जीप गेल्यावर मी वर्गाकडे निघाले. वाटेत खोटं जुळवत होते. त्यांना फार आवडलं, पण वेळच नव्हता, पुढच्या वर्षी नक्की.

ती पट्टी हातात धरून तक्त्याशेजारी उभी होती. माईकवरचा निकाल तिनं ऐकला असणारच.

"मॅडम," ती म्हणाली, "आता जाऊ काय मी जेवाले?"

शाळेमागून भांडी घासल्याचा आवाज येत होता.