टाइलमध्ये अडकलेला ठसा

बोळिंजच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वर्षी हॉबी क्लासची साथच आली होती. कुणी ग्लास पेंटिंग शिकतंय, कुणी सिरॅमिकची फुलं. म्हटलं, मीच काय घोडं मारलंय? वसईत एक बाई एम्बॉसिंग पावडरच्या टाइल्स शिकवायच्या. चार शनिवार जाऊन शिकून आले. काम सोपं. जाड पुठ्ठ्याच्या चौकोनावर पावडर भुरभुरायची आणि तापवायची, की ती वितळून चकाकते. असे तीन थर द्यायचे. शेवटचा थर गरम असतानाच त्यात शाई लावलेला रबरी ठसा दाबायचा आणि गार झाला की उचलायचा. शाईमुळे ठसा चिकटत नाही, नक्षी खोल उमटते.

बाईंकडे त्यासाठी गरम हवेची बंदूक होती. मी घरी हेअर ड्रायर लावला, तर अर्धी सोनेरी पावडर सासूबाईंच्या चहात. मग सरळ गॅसवर तवा ठेवला, आच मंद केली आणि पुठ्ठे तव्यावर मांडले.

"ह्या भाकऱ्या कोन खानार?" सासूबाईंनी विचारलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी याच टाइल्स देणार होते. पण माझ्याकडे होता तसाच गुलाबाचा रबरी ठसा बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांकडे होता. मला वेगळं काहीतरी हवं होतं. आणि ते आमच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होतं.

सासूबाईंचं सगळं आयुष्य चांदीपच्या शेतात गेलेलं. तिथे खळ्यावर भाताची रास पडली की तिच्यावर लाकडी ठसा राखेत बुडवून उमटवायचे. कुणी राशीत हात घातला तर खूण मोडते, लगेच कळतं. मधे सूर्य, भोवती कणसं, तळहाताएवढं सागवान. शेत विकून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा तिथलं एवढंच बरोबर आणलं. आणि इथे फ्लॅटमध्येही तेच! महिन्याचा तांदूळ डब्यात ओतला की हाताने सपाट करायच्या, देवापुढची उदबत्तीची राख घ्यायच्या आणि वर ठसा मारायच्या. लग्नाला सहा वर्षं झाली होती माझ्या. दर महिन्याला झाकण उघडलं की तो सूर्य माझ्याकडे बघायचा आणि माझं डोकं फिरायचं. मी काय तांदूळ चोरून माहेरी नेते? नवऱ्याला म्हटलं तर म्हणाला, "जाऊ दे ना यार." त्याला काय जातंय!

म्हणून त्या दुपारी सासूबाई शेजारी गेल्या तशी मी न विचारता ठसा काढला. शाई लावली, बाईंनी शिकवलं होतं तशी. पण त्या लाकडाने वर्षानुवर्षं राख प्यायली होती, शाईही पिऊन टाकली. गरम टाइलवर दाबला, गार होऊ दिला, उचलायला गेले तर पुठ्ठ्यासकट वर आला. ओढलं, हलवलं, आपटलं. हलेना. आई गं! शेवटी सुरी घेतली आणि फटीत घालणार, तेवढ्यात दार उघडलं.

"सुरी ठेव," सासूबाई म्हणाल्या. "कनसं तुटतील."

मला वाटलं आता माझा उद्धार होणार. पण त्यांनी पदर खोचला, तवा परत गॅसवर ठेवला आणि टाइल खाली, ठसा वर असं ते सगळं त्यावर धरलं. पावडर मऊ पडली तसा ठसा हळूहळू फिरवून सोडवला. मग खाली बसल्या, बांगडीतली सेफ्टीपिन काढली आणि खाचांमधलं सोनं एकेक करून कोरत राहिल्या. मी समोर बसून खोबरेल लावलेलं फडकं देत होते. तासभर हेच चाललं. एका कणसात सोनं बसलं ते बसलंच.

"आई, चुकले मी," मी म्हटलं. पण पोटात ठेववेना. "पण तुम्ही तरी डब्याला खूण कशाला करता हो? मी काय चोर आहे?"

त्यांनी मान वर केली. पिन हातातच.

"चोरासाटी खळ्यावर," त्या म्हणाल्या. "घरात आनल्यावर कुठला चोर? घरात रास मोडायचा मान सुनेचा. माजी सासू ठसा मारून बाजूला व्हायची. मी मोडल्याशिवाय कुनी दान्याला हात लावायचं नाय. तुला कुनी सांगितलं नाय?"

कुणी सांगणार? सहा वर्षं मी तो मान रागाने, वाटीच्या एका फटक्यात उडवत आले होते, आणि त्या मागे उभ्या राहून बघत होत्या.

हळदीकुंकवाला सगळ्यांना गुलाबच गेले. पुढच्या महिन्याचा तांदूळ आला. सकाळी झाकण उघडलं तर सूर्य होता, कणसं होती, एक कणीस तेवढं उमटलं नव्हतं. मी वाटी घेऊन उभी. हात पुढे जाईना.

"मोड की गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "भात कदी शिजायचा?"